निघायचं किती वाजता?

"निघायचं किती वाजता?" हा प्रश्न ज्या घरात पहिल्याच बैठकीत सुटला, असे घर मला अद्याप पाहायला मिळालेले नाही. कुठे जायचे, कोणी कोणी जायचे, कुणाकडे उतरायचे, हे प्रश्न एकवेळ चहाच्या एका कपात मिटतात. निघायच्या वेळेवर मात्र घोडे अडते. कारण उघड आहे. वेळ ठरली की कुणाला तरी पहाटे उठावे लागते आणि कुणाचे तरी काहीतरी पाहायचे राहून जाते.

यंदा आमच्या घरी हा प्रश्न चांगला आठ दिवस चालला. प्रवास तसा मोठा नव्हता. नाशिकहून मुंबईला जायचे, तेही एका दिवसात. पावणेदोनशे किलोमीटरच्या आतले अंतर. पण त्या दिवसाच्या शेवटी विमान होते, आणि विमानात आमची थोरली एकटीच बसणार होती.

थोरली इथल्याच कृषी विद्यापीठातून उद्यानविद्येची पदवी घेऊन बाहेर पडली. आता जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या गायझेनहाइम या गावी पुढच्या शिक्षणाला निघाली. तिथली संस्था १८७२ सालची, आमचे परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. बरोबर शंभर वर्षांचे अंतर. हा योगायोग मी चार ठिकाणी कौतुकाने सांगितला. पण "तिथं काय शिकणार?" असे कुणी विचारले की घरातला आवाज जरा खाली येई. कारण ती शिकणार होती द्राक्षशेती आणि वाइन करण्याचे शास्त्र.

माझी आई गंगाखेडची. जनाबाईच्या गावची लेक, गळ्यात तुळशीची माळ. नात परदेशी जाते याचा तिला अभिमान होता, पण काय शिकायला जाते हे तिने शेजारीपाजारी कुणाला सांगितले नव्हते. कुणी विचारलेच तर "शेतीचंच काहीतरी" एवढे म्हणून ती भाजी निवडायला घेई. एकदा मात्र ती मला सरळच म्हणाली, "एवढा खर्च करून पोरगी दारू करायला शिकणार व्हय रे?"

मराठीचा मास्तर असल्यामुळे मी उत्तर द्यायला कोशाकडे धावलो. दारू हा शब्द फारशीतून आपल्याकडे आला आणि तिकडे त्याचा अर्थ औषध असा आहे. म्हणूनच आपण दवादारू म्हणतो. तोच शब्द पुढे दारूगोळ्यात गेला, आणि दिवाळीत मुलांना आपण जी शोभेची दारू आणून देतो तीही त्याच घराण्यातली. संस्कृतात द्राक्षाला मृद्वीका म्हणतात आणि त्याच्या मद्याला मार्द्वीक. आमच्या मराठवाड्यात उर्दू बोलणारे लोक पुष्कळ. उर्दूत या पेयाला वेलीची लेक म्हणण्याची जुनी रीत आहे. हे सर्व आईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दारूच ना?"

तिथे कोश संपला. मग सौ. पुढे झाली. ती म्हणाली, "आई, तुमच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली आहे. आसवात न् अरिष्टात मुरताना आपोआप थोडं मद्य तयार होतंच की." आई म्हणाली, "ते वैद्याचं असतं." हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा तो विषय तेवढ्यावर राहिला आणि प्रवासाची आखणी सुरू झाली.

आखणीसाठी सर्वांच्या मागण्या टाचण करून घेतल्या. थोरलीला जाण्यापूर्वी नाशिककडची एखादी वाइनच्या द्राक्षांची बाग पाहायची होती. पुस्तकात आणि विद्यापीठाच्या मळ्यात पाहिले होते ते तिला एकदा शेतकऱ्याच्या रानात पाहायचे होते. आईला पितृपक्षात रामकुंडावर जायचे होते, कारण वडिलांच्या नावाने तिथे तर्पण व्हावे ही तिची फार दिवसांची इच्छा. सौ.ला विमानतळावर चार तास आधी पोहोचायचे होते. धाकट्या चिरंजीवांना समृद्धी महामार्गाचा बोगदा पाहायचा होता. मला काही पाहायचे नव्हते. मला गाडी चालवायची होती.

"रेल्वेनं का जात नाही?" असे शेजारच्या काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्हा परभणीकरांची मुंबईची वाट पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेचीच. तपोवन, देवगिरी, नंदीग्राम ही नावे आमच्याकडे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. जालन्याहून सुटणारी वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटू लागली आणि परभणीला थांबू लागली. पण दोन मोठ्या पेट्या, सत्तरी ओलांडलेली आई, रामकुंड आणि द्राक्षाची बाग हे सगळे एका तिकिटात बसत नव्हते. मोटार ठरली.

आता पहिला गोंधळ तारखेचा. विमान सोमवारी पहाटे दोनला होते. तिकिटावर सोमवारची तारीख. घराच्या दृष्टीने ती रविवारचीच रात्र. हे वाक्य साधे आहे, पण ज्या घरातले माणूस पहिल्यांदाच परदेशी निघाले आहे त्या घराने ते कॅलेंडरावर लाल शाईने लिहून ठेवावे. आम्ही रविवारच्या चौकटीत लिहिले : "आज रात्री जाणे."

दुसरा गोंधळ दिवसाचा. चिरंजीव नुकतेच अठरा पूर्ण करून शिकाऊ परवाना घेऊन आलेले. त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला आणि जाहीर केले, "बाबा, परभणीहून पहाटे चारला निघू. जालन्याला समृद्धीवर चढू. दहाच्या सुमारास नाशिक, बाग, रामकुंड, संध्याकाळी मुंबई. एका दिवसात सगळं!" शेजारच्या काकांनी त्याला दुजोरा दिला. त्यांचे जावई म्हणे परभणीहून निघून दुपारच्या जेवणाला ठाण्यात असतात.

हल्ली आमच्या भागात हा एक नवा मोठेपणा झाला आहे. पूर्वी लोक सांगत, मुंबईला गेलो होतो. आता सांगतात, किती तासांत गेलो होतो. त्यात रस्त्याचा दोष नाही, रस्ता खरोखर उत्तम आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. पुढचे टप्पे होत होत इगतपुरी ते अमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सिग्नल नाही, चौक नाही, बैलगाडी नाही, दुचाकी नाही. पण माणसाचे डोळे त्या रस्त्याबरोबर नवे झालेले नाहीत. सरळ रस्ता, एकच वेग, एकच आवाज, समोर बदलणारे काही नाही. अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. सिंदखेडराजा आम्हाला काही लांबचे नाही. ती सकाळ आमच्या गल्लीत अजून कुणी विसरलेले नाही.

तेव्हा मी एवढेच म्हणालो, "चालवणारा मी एकटा. पहाटे तीनला उठलेला माणूस रात्री नऊला मुंबईच्या गर्दीत गाडी चालवणार नाही." शनिवारी दुपारपर्यंत नाशिक गाठायचे, मेहुण्यांकडे मुक्काम करायचा आणि रविवारचा एकच दिवस नाशिक ते मुंबई यासाठी ठेवायचा, असे ठरले. चिरंजीवांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मग मी कागद घेतला आणि दिवस उलटा लिहायला बसलो. ही रीत मी वाचकांना आवर्जून सुचवतो. आपण बहुधा सकाळपासून लिहीत जातो : सहाला उठणे, सातला चहा, आठला निघणे. असा कागद नेहमी फार सुंदर दिसतो, कारण सकाळी सगळ्यांपाशी भरपूर वेळ असतो. ज्या दिवसाच्या शेवटी विमान आहे, दवाखाना आहे किंवा मुहूर्त आहे, तो दिवस शेवटाकडून लिहावा.

विमान दोनला. परदेशी जाणाऱ्याने तीन तास आधी पोहोचावे, म्हणजे अकरा. सौ.चा एक तास त्यात घातला, म्हणजे दहा. ठाण्याहून विमानतळ हे अंतर रविवारी रात्री तासाभराचे, पण शहराला आपण काही सांगू शकत नाही, म्हणून दीड तास. म्हणजे ठाणे साडेआठला. अमण्याला समृद्धी संपते. तिथून भिवंडीच्या बाजूने ठाण्यापर्यंत सगळा मालवाहतुकीचा रस्ता. नकाशावर तो बोटभर दिसतो, पण या प्रवासातला खरा घाट तोच. तिथे दोन तास धरले, म्हणजे अमणे साडेसहाला. इगतपुरी ते अमणे एक तास, साडेपाच. नाशिक ते इगतपुरी एक तास, साडेचार. वाटेत आईसाठी दोनदा थांबणे, चहा आणि पाय मोकळे करणे यांचा पाऊण तास. आणि हवेत सोडलेला पाऊण तास, ज्याला कागदावर नाव द्यायचे नाही. पंक्चर, पाऊस, विसरलेला पासपोर्ट, यांपैकी जे येईल ते त्यात बसेल. नाशिकहून निघायची वेळ आली तीन.

"तीन?" चिरंजीव म्हणाले. "नकाशा तर साडेतीन तास दाखवतो. मग सहाला निघालो तरी साडेनऊला विमानतळावर!"

"तो नकाशा आजीला ओळखत नाही," सौ. म्हणाली.

या एका वाक्यात प्रवासाच्या आखणीचे निम्मे शास्त्र आले. नकाशा मोटारीचा वेळ सांगतो, मोटारीतल्या माणसांचा सांगत नाही. कुणाचे गुडघे आखडतात, कुणाला घाटात मळमळते, कुणाला साखरेसाठी वेळेवर खावे लागते, कुणाला दर दीड तासाने उतरावे लागते आणि तसे सांगायला ते माणूस संकोचते. ज्या घरात म्हातारे माणूस पाणीच पीत नाही, का, तर "उगीच गाडी थांबवायला लागेल," त्या घराची आखणी कागदावर कितीही नेमकी असली तरी मला ती चांगली वाटत नाही.

राहिला प्रश्न वाटेचा. नाशिकहून मुंबईला मोटारीने जायच्या मुख्य वाटा तीन. पहिली जुनी, मुंबई–आग्रा महामार्गाची : इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघा, भिवंडी, ठाणे. दुसरी, इगतपुरीपर्यंत तीच आणि तिथे समृद्धीवर चढून थेट अमण्याला उतरायचे. तिसरी त्र्यंबकेश्वर, जव्हार, विक्रमगड करीत मनोरजवळ अहमदाबाद महामार्गाला मिळणारी. ती फार देखणी आहे, पण विमान पकडायच्या दिवशी देखण्या वाटेच्या नादी लागू नये. सौ.ला जुनी वाट हवी होती, कारण माहेरचा रस्ता तो. कसाऱ्याचा घाट, म्हणजे थळघाट, रेल्वेनेही चढायला अवघड. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, म्हणून गाडीला मागून जादा इंजिन जोडावे लागते. लहानपणी ते जोडलेले इंजिन पाहायला ती खिडकीत बसायची. पण सप्टेंबरात घाटात पाऊस असतो, धुके असते. समृद्धीचा इगतपुरीचा बोगदा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा. तो हा घाट डोंगराच्या पोटातून टाळतो. मी बोगद्याच्या बाजूने मत दिले. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. सौ. म्हणाली, "येताना घाटानं येऊ. येताना घाई नसते." ते तिने खरे करून घेतले.

बोगद्याने वाचलेल्या अर्ध्या तासावर लगेच हक्क सांगितले जाऊ लागले. चिरंजीव म्हणाले, आणखी एक बाग पाहू, गंगापूर धरणाजवळची ती प्रसिद्ध. मेहुण्यांनी फोनवरून विंचूरची वाइन पार्क सुचवली. मला हे पाहून नेहमीच नवल वाटते. रस्ता वेळ वाचवतो आणि आपण तो वेळ दुसऱ्या रस्त्यावर घालवतो. शेवटी थोरलीच म्हणाली, "बाबा, एकच बाग पाहू. पण सावकाश पाहू. आजीला चालता येईल इतकं सावकाश." तो अर्धा तास तिच्या नावावर लिहिला.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही रामकुंडावर होतो. पितृपक्ष असल्यामुळे गर्दी होती. आईने वडिलांच्या नावाने माझ्याकडून तर्पण करवून घेतले आणि पायरीवर बसून पाण्याकडे पाहात राहिली. तीच गोदावरी पुढे आमच्या जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड असे करीत जाते. इथे ती एवढीशी, तिथे तिला पैलतीर दिसता दिसत नाही. "इथून निघून ती आपल्याकडं किती दिवसांत येत असंल रे?" आईने विचारले. याचे उत्तर चिरंजीवांच्या मोबाइलवर नव्हते, म्हणून तेही गप्प बसले.

साडेनऊला दिंडोरी तालुक्यात मेहुण्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बागेत पोहोचलो. आता या मोसमाविषयी वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवतो. दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे द्राक्षे पाहायला नाशिकला निघतात. तिथे त्यांना द्राक्षे दिसत नाहीत. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दिवाळीत बाग नुकतीच छाटलेली असते, काड्यांवर कोवळे फुटवे असतात. घड पाहायचे तर जानेवारी ते मार्चमध्ये जावे. अर्थात तेव्हा आम्हा मास्तरांच्या घरी परीक्षांचा हंगाम असतो.

आम्ही गेलो तेव्हा छाटणी व्हायची होती. मांडव हिरवागार, पण घड एकही नाही. चिरंजीवांची निराशा झाली. थोरली मात्र खूश होती. ती म्हणाली, "फळ नसतं तेव्हाच वेल नीट दिसते." युरोपात थंडीने वेल झोपते, म्हणून तिथे एकच छाटणी पुरते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, म्हणून तिला आपणच थांबवायचे आणि आपणच उठवायचे, असे तिने समजावले. मला इब्न बतूता आठवला. चौदाव्या शतकात तो आमच्या मराठवाड्यातल्या दौलताबादला आला आणि इथे द्राक्षे वर्षातून दोनदा येतात असे लिहून गेला. मी हे सांगितले तेव्हा शेतकरी हसून म्हणाला, "दोनदा आणता येतात हो सर, पण मग वेल टिकत नाही. एकदाच घ्यायची."

त्याने एक काडी वाकवून आईसमोर धरली आणि तिच्यावरचा फुगीर डोळा नखाने दाखवला. "आजी, फेब्रुवारीचा घड याच्यात आत्ताच हाय. उन्हाळ्यातच धरलेला. दिसत नाही एवढंच. छाटणी केली की तो फुटतो." आई काडीजवळ वाकली. तिचे सगळे आयुष्य शेतात गेलेले. वडील वारल्यावर ज्वारी आणि कापसाची सहा एकर जमीन तिने दहा वर्षे एकटीने पाहिली होती. मग प्रश्नांची फैर सुरू झाली. पाणी किती देता? ठिबकला दिवसातून किती तास? भुरी पडते का? मजूर कुठून येतात? भाव आधी ठरतो का नंतर? शेतकऱ्याने सांगितले, वाइनच्या द्राक्षाचा भाव बहुधा कारखान्याशी आधीच करार करून ठरवतात, खायच्या द्राक्षासारखी रोजची धाकधूक नसते, पण गोडी आणि आंबटपणा यंत्राने मोजून माल घेतात. राज्य सरकारने २००१ साली या उद्योगासाठी धोरण आणले तेव्हापासून या बाजूला बागा वाढत गेल्या. थोरली मधे मधे बोलत होती आणि तो तिला आदराने उत्तरे देत होता. "ताई, तुम्ही शिकून या," तो म्हणाला. "तिकडून आलेला कागद वाचून दाखवणारं माणूस आम्हाला इथं पाहिजे."

शेडमध्ये त्याने चवीसाठी थोडी वाइन काढली. मी हात जोडले. यात सोवळे काही नव्हते. तीन वाजता मला गाडी चालवायची होती. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले तर मोटार वाहन कायद्याने गुन्हा होतो. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण कायद्याचे राहू द्या. चार माणसे ज्याच्या भरवशावर मागे बसणार आहेत त्याने घोटभर आणि पेलाभर असा हिशेब करू नये. द्राक्षांच्या मुलखातून त्याच दिवशी निघणार असाल तर कोण चालवणार हे आदल्या रात्री ठरवा, आणि त्याला दुसऱ्या दिवशी कुणी आग्रह करू नका. आग्रह करणे हा आपला मराठी पाहुणचार आहे, पण तो पुरणपोळीपुरता ठेवावा.

थोरलीने पेला घेतला, प्रकाशात धरला, वास घेतला, तोंडात घोळवले आणि बाजूच्या भांड्यात थुंकून टाकले. आई थक्क झाली.

"अगं, थुंकलीस का?"

"आजी, चव पाहायची तर असंच करतात. प्यायची नसते."

आईने क्षणभर विचार केला. "आन् हे थुंकायला जर्मनीला जायलीस?" यावर शेडमधले सगळे हसले. त्यात आईही होती.

बाराला निघून नाशिकला जेवलो. जेवणानंतर सर्वांना बोलायचे होते. मी मात्र मेहुण्यांच्या आतल्या खोलीत तासभर झोपलो. प्रवासाच्या टिपणात चालकाची झोप लिहिण्याची पद्धत आपल्याकडे नाही. तेल, हवा, पाणी, टायर लिहितो. टायर तर पाहावेतच. घासलेला टायर घेऊन त्या काँक्रीटवर जाऊ नये. पण झोपही त्याच ओळीत लिहावी.

तीनला निघायचे ते सव्वातीनला निघालो. घोटीच्या पुढे डोंगर पावसाने काळे झाले होते. इगतपुरीला चहा घेतला, आईला फिरवून आणले. बोगद्यात शिरल्यावर चिरंजीव घड्याळ लावून बसले. बाहेर पडलो तेव्हा घाट मागे पडला होता. आईने विचारले, "घाट कधी येणार?" सौ. म्हणाली, "आई, तो डोक्यावरून गेला."

अमण्यापर्यंत कागद आणि रस्ता यांचे एकमत होते. तिथून पुढे कागदावर दोन तास होते, लागले पावणेतीन. कंटेनरमागे कंटेनर. चिरंजीव आता काही बोलत नव्हते. सौ.ने डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. थोरली पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती, ती मागे आजीजवळ गेली आणि चिरंजीव पुढे आले. त्या पावणेतीन तासांत मागे दोघींचे बोलणे चालू होते. मला पुष्कळसे ऐकू आले नाही. एवढे ऐकले की आई तिला ज्वारीच्या पेरणीतले काही सांगत होती, बी किती खोल टाकावे ते. थोरलीने ते वहीत लिहून घेतले. एरवी घरात या दोघींना असे तीन तास कधी मिळाले असते, मला ठाऊक नाही. एक पोरगी अभ्यासात, दुसरी देवघरात.

मुलुंडच्या नाक्यावर आता मोटारीला टोल नाही, ऑक्टोबर २०२४ पासून तो माफ झाला आहे. त्यामुळे तिथे थांबावे लागले नाही. विक्रोळीहून जोडरस्त्याने अंधेरीकडे वळून आम्ही विमानतळावर पोहोचलो तेव्हा दहाला दहा मिनिटे होती. नाव न दिलेला पाऊण तास पुरता खर्च झाला होता. सहाला निघालो असतो तर काय झाले असते, हा हिशेब चिरंजीवांनी स्वतःच केला आणि मोठ्याने सांगितला नाही.

विमानतळाच्या दारापुढे जागा बसायची नसते, लोकांना निरोप द्यायला मिळतो तो उभ्याउभ्याच. थोरली आजीच्या पाया पडली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नीट शिक. त्या माणसाला सांगून आलीस ना, येते म्हणून. मग ये." ती आत गेली. काचेतून आम्ही तिला रांगेत दिसेनाशी होईपर्यंत पाहिले. त्या रात्री मुलुंडला सौ.च्या बहिणीकडे झोपलो. कुणी कितीही सांगो, असा दिवस संपल्यावर त्याच रात्री परत फिरू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो, आणि सौ.च्या हट्टाप्रमाणे कसाऱ्याच्या घाटाने आलो.

परभणीला परतून पाच-सहा दिवस झाले असतील. मी ओसरीवर पेपर तपासत होतो. शेजारच्या काकू आल्या आणि आईला विचारू लागल्या, नात पोहोचली का, थंडी किती आहे, शिकते तरी काय. मी पेन थांबवले. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "द्राक्षाचं शिकायली. लागवड, छाटणी, न् त्याची वाइन कशी करायची ते. फेब्रुवारीचा घड असतो ना, तो उन्हाळ्यातच काडीत धरलेला असतो बघा. दिसत नाही, एवढंच."

काकूंनी पुढे काही विचारले आणि आईने त्यांना दोन छाटण्या समजावून सांगायला घेतल्या. मी पुन्हा पेपर ओढले. अजून सत्तावीस राहिले होते.